खिंडीतला बोल्ट

डॉक्टर सुमतीबाई इंजिनाला पावडर लावत असत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हेच चाललं होतं. चिंचणीहून मी मनोरला नोकरी मागायला गेले होते. त्यांना दवाखान्यासाठी नर्स हवी होती. अंगणात एक जुनी विलायती मोटार बॉनेट उघडून उभी होती आणि चष्मा कपाळावर चढवलेली, पन्नाशीची एक बाई न्हाऊ घातलेल्या बाळाला लावावी तशी इंजिनाच्या कडांवर पावडर शिंपडत होती.

"नर्स का?" त्यांनी वर न बघता विचारलं. "ये इकडे. पावडर कुठे ओली होतेय ते सांग. माझा चष्मा धुरकटतो."

मी वाकून पाहिलं. एका बोल्टच्या मुळाशी पांढऱ्यावर तपकिरी रेघ उमटत होती. मी बोट दाखवलं. बाईंनी मान डोलावली आणि तिथेच मला नोकरी मिळाली. शिक्षणाची चौकशी त्यांनी दुसऱ्या दिवशी केली.

गाडी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची होती. त्यांच्या वडिलांनी ती वापरली होती, आणि आता तिला ठिकठिकाणी तेल सुटत असे. तापलेल्या लोखंडावर तेल पडलं की गाडीत धूर यायचा आणि मागे बसलेला रुग्ण खोकायचा. बोईसरला तेव्हा तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामामुळे ट्रकांची वर्दळ वाढली होती, दोन-तीन गॅरेजं निघाली होती. तिथल्या एका मिस्त्रीने झाकणाचे बोल्ट इतके जोरात आवळले की पत्रा भोकांपाशी खोल बसला आणि गळती वाढली. बाईंनी ते झाकण काढून लाकडी पाटावर उपडं ठेवलं, छोट्या हातोडीने भोकांच्या कडा ठोकून सपाट केल्या, बुचाचं नवं पॅकिंग कापून बसवलं. त्यानंतर त्यांनी गाडी कुणाकडे दिली नाही.

बोल्ट आवळताना त्या पाना दोन बोटांत धरत. मी जोर लावायला गेले की म्हणत, "कमल, आवळून गळती थांबत नाही, लपते." रुग्णांच्या बाबतीतही त्यांची घाई नसे. कुणी म्हातारी आपलं दुखणं सोडून सुनेचं गाऱ्हाणं सांगू लागली तरी त्या ऐकत राहत. चिडत मात्र लवकर. कुणी मुलाचा ताप अंगावर काढला की त्या आईबापांना अशा बोलत की मला बाहेर जाऊन उभं राहावंसं वाटे. "काल का नाही आणलंत?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. 

त्या वर्षी उन्हाळ्यात इंजिनाच्या माथ्यावरच्या, म्हणजे हेडच्या, एका बोल्टपाशी पाणी झिरपू लागलं. त्या इंजिनात काही बोल्टचे आटे आतल्या पाण्यापर्यंत जात. आट्यांना लावलेला सफेदा, म्हणजे पाणी अडवणारा पांढरा लेप, झिजला की पाणी आट्यांवरून वर चढतं. बाईंना ते लगेच कळलं. काम फार मोठं नव्हतं: पाणी काढायचं, बोल्ट सोडायचा, आटे घासून नवा सफेदा लावायचा आणि रात्रभर सुकू द्यायचं. त्यासाठी एक दिवस गाडी उभी राहिली असती. पण आसपासच्या आदिवासी पाड्यांवर गोवर पसरला होता. "या रविवारी करू," त्या म्हणाल्या. तो रविवार गेला, पुढचाही गेला. एका सकाळी बाहेर पडताना त्यांनी पाना घेतला, बोल्ट थोडा आवळला आणि फडक्याने पाणी पुसलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

त्याच दुपारी एका पाड्यावरून चैत्या धावत आला. त्याची बायको लखमी आदल्या दिवसापासून अडली होती. आम्ही पाड्यावर गेलो. मूल आडवं होतं, पालघरला नेऊन पोट उघडल्याशिवाय सुटका नव्हती. बाईंनी पोटावर नळी ठेवून ऐकलं आणि म्हणाल्या, "बाळाचे ठोके चांगले आहेत. चला."

वाघोबाच्या खिंडीच्या चढावर गाडीतून वाफ आली आणि इंजिन बंद पडलं. बॉनेट उघडलं तर त्याच बोल्टच्या मुळातून पाणी उकळत बाहेर येत होतं. आत पाणी उरलं नव्हतं. डब्यात होतं, पण तापलेल्या इंजिनात ते ओतलं तर लोखंड तडकलं असतं. थांबण्यावाचून इलाज नव्हता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. लखमी मागच्या सीटवर कण्हत होती, चैत्या तिच्याच पदराने तिला वारा घालत होता. बाईंनी पुन्हा नळी लावली. बराच वेळ ऐकलं. जागा बदलून परत ऐकलं. मग नळी पिशवीत ठेवली आणि लखमीचा हात हातात घेऊन बसल्या.

शेवटी खडीचा एक ट्रक आला आणि त्यातून आम्ही पालघर गाठलं. लखमी वाचली. मूल गेलं होतं. मुलगा होता.

ती घरी परतल्यावर बाई पाड्यावर जायला निघाल्या. त्या काय सांगणार हे मला कळलं होतं. मी म्हटलं, "बाई, सांगून काय होणार? मूल परत थोडंच येणार?"

"नाही सांगितलं तर ते देवाला बोल लावतील, नाहीतर लखमीला," बाई म्हणाल्या. "दोघांचाही यात काही संबंध नाही."

झोपडीसमोर बसून त्यांनी सगळं सांगितलं. "तो बोल्ट गळतोय हे मला माहीत होतं. मी काम पुढे ढकललं. गाडी थांबली नसती तर मूल कदाचित जगलं असतं."

चैत्या जमिनीकडे बघत म्हणाला, "बाय, गाडी नसती तं ही बी नसती." लखमी उठली आणि आत गेली. बाई थोडा वेळ थांबल्या, पण ती बाहेर आली नाही.

खिंडीतून ओढून आणलेली गाडी बाईंनी स्वतः दुरुस्त करायला घेतली. आटे तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासले, सफेदा लावला, शेजारचे बोल्टही काढून तसेच बसवले. पुढे दवाखान्यात "काल का नाही आणलंत?" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. उशिरा आलेल्या आईला त्या बसायला सांगत आणि मूल मांडीवर घेत.

दीड-दोन वर्षांनी बाजाराच्या दिवशी लखमी आली. पोट दिसत होतं. ती रांगेत बसली नाही, गाडीपाशी जाऊन उभी राहिली. मी बाईंना हाक मारली. बाई बाहेर आल्या.

"तो बोल्ट कुठं हाय?" लखमीने विचारलं.

बाईंनी बॉनेट उघडून दाखवला. लखमीने बोट बोल्टभोवती फिरवलं, बोटाकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. "मना हिच्यातच न्यायचं काय?"

"हो."

"कोरडं हाय," ती म्हणाली आणि रांगेत जाऊन बसली.

वेळ आली तेव्हा बाईंनी तिला त्याच गाडीतून, त्याच खिंडीतून पालघरला नेलं. मुलगी झाली, धडधाकट. लखमीने बाईंना माफ केलं का, मला माहीत नाही. बाईंनी कधी विचारलं नाही. मनोर सोडेपर्यंत एवढं मात्र मी पाहिलं, की मुलीला टोचायला घेऊन आली की लखमी आधी गाडीपाशी थांबायची. बाई हातातलं काम ठेवून बाहेर येत, बॉनेट उघडत आणि तिचं बघून होईपर्यंत बाजूला उभ्या राहत.