भिंतीची हमी

बिळाच्या तोंडाशी ते हाताची पाठ धरायचे आणि मान किंचित वाकडी करून थांबायचे. आत घूस असेल तर बिळातून उबदार हवा येते, असं त्यांचं म्हणणं. ती लागली की हळूच म्हणायचे, "हाये घरी." बीळ थंड लागलं तर, "गावाले गेली," आणि पुढच्या बिळाकडे.

अमरावतीच्या कापसाच्या वखारींत त्यांना सगळे जमादार म्हणत. पलटणीत ते साधे शिपाईच होते, ही बढती बाजारानं दिलेली. मूळचे बाळापूरचे. पलटण सोडताना एका गोऱ्या डॉक्टरानं त्यांना हवेची बंदूक बक्षीस दिली होती आणि त्या बंदुकीवर ते म्हातारपणी पोट भरत होते.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे आमच्या कापसाला असा भाव आला की लोकांनी देवघरं रिकामी करून त्यांत कापूस भरला. कापसाबरोबर सरकी आली आणि सरकीमागे घुशी. मांजर त्यांना पाहून वाट सोडायचं. परसातून बीळ खणत त्या थेट वखारीच्या भिंतीखाली यायच्या, आणि भिंती आमच्या पांढऱ्या मातीच्या. त्यांच्यावर बारुदाची बंदूक चालवायची सोय नव्हती. कापसात एक ठिणगी पडली की वखारच काय, सगळी पेठ गेली असती.

जमादारांच्या बंदुकीला ठिणगी नव्हती, धूरही नव्हता. नळीखाली तांब्याएवढा लोखंडी गोळा होता. पंप पायाखाली दाबून धरायचा आणि त्या गोळ्यात हवा भरायची. भरता भरता म्हातारा घामाघूम व्हायचा. उडवली की आवाज फक्त "फुस्स". रेच्यावर, म्हणजे लाकडी चरकावर, कापसातली सरकी काढणाऱ्या बाया खिदळायच्या.

"जमादारबावा, तुमच्या बंदुकीले सर्दी झाली!"

"शिंकते माय, पण नेम धरून शिंकते," ते म्हणायचे आणि मेलेली घूस शेपटीला धरून लिंबाखाली पुरायला न्यायचे.

मी त्यांना पहिल्यांदा बोलावलं तेव्हा सौदा करायला बसलो. सौदा म्हटलं की माझ्या अंगात येतं. डोक्यावर भाजीची टोपली घेऊन फिरलेला माणूस मी, वखार उभी केली ती फुकट नाही. मी म्हटलं, "जितक्या घुशी मारसान तितक्याचे द्याचे."

"घुशीचं नाई घेत, शेठजी. भिंतीचं घेतो."

"म्हंजे?"

"वर्षभर भिंत उभी राह्यली, तं ज्वारी माही. पडली तं काई नाई. घुशीचे घेतले तं मीच घुशी वाढवीन ना!"

असा सौदा मी आजवर ऐकला नव्हता. त्यात मला काही खोट सापडेना, म्हणून मी आणखी चिडलो. तास दीड तास घासाघीस केली आणि शेवटी त्यांचंच मान्य केलं. पेठेत सगळ्यांचं त्यांच्याशी असंच ठरलेलं होतं. तुम्ही तेव्हा आमच्या पेठेत आला असतात, तर कोणीही तुम्हाला भिंत दाखवून सांगितलं असतं, "हे जमादाराची भिंत हाये." म्हणजे निर्धास्त टेकून बसा.

आता पुढचं सांगायला मला लाज वाटते. पण न सांगता इतकी वर्षं काढली, तेही काही सोपं गेलं नाही.

कापूस तोलायच्या आधी त्यावर पाणी मारायची चाल तेव्हा होती. वजन वाढतं. मीही मारत असे. पहाटे परसातल्या विहिरीचं पाणी काढायचं, मागच्या भिंतीशी लावलेल्या ढिगावर शिंपडायचं आणि वरून कोरडा कापूस पसरायचा. सगळेच करतात, असं मी स्वतःला सांगत असे. सगळे करत नव्हते.

एका वर्षी पावसाळ्यानंतर जमादार त्या मागच्या भिंतीशी बराच वेळ बसून राहिले. बिळात कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर माती बाहेर काढली.

"शेठजी, इथं घूस नाई. केव्हाचीच गेली. पण माती ओली लागून राह्यली. पाणी कुठून येते?"

"तुमी घुशी पाहा. पाण्याचं मी पाह्यतो."

चार दिवसांनी पुन्हा तेच. "भिंत फुगून राह्यली, शेठजी."

"तुमाले ज्वारी भिंतीची भेटते का चौकशीची?" मी ओरडलो. ते पुन्हा खाली बसले. ओल्या मातीवर कोरडी माती दाबत राहिले.

मुंबईच्या एका कंपनीचा गोरा साहेब खरेदीला आला, त्या सकाळी ती भिंत पडली. साहेब दोन वखारी पलीकडे होता. मोठा आवाज झाला, पांढरी धूळ उडाली आणि रेच्यावरच्या बाया किंचाळत बाहेर पळाल्या. कोणाला लागलं नाही, एवढंच नशीब. धूळ बसली तेव्हा साहेब, त्याचा दुभाषा आणि निम्मी पेठ माझ्या परसात उभी होती. साहेबानं काठीनं ढेकूळ फोडलं. आत ओल होती. दुभाष्यानं विचारलं, "हे पाणी कसलं?"

ओला कापूस विकणाऱ्याला त्या दिवसांत सरकार सोडत नव्हतं. आणखी एक सवाल आला असता, तर साहेबाचा हात ढिगात गेला असता. मी समोर पाहिलं. गर्दीतून जमादार पुढे येत होते, खांद्याला बंदूक. ते आले आणि भिंतीच्या तळाशी वाकले.

"हा पाहा चोर!" मी ओरडलो. "भिंतीची हमी घेते अन् घुशी पोसते! बिळायनं पोखरली भिंत, विहिरीची ओल शिरली आत. कावून रे, हेच का तुही हमी?"

माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या माणसाला मी अरे-तुरे केलं. तेवढ्यावर थांबलो नाही. राग खोटा सुरू केला होता, पण एकदा सुरू झाल्यावर माझा राग खराच होतो. मी त्यांच्या खांद्यावरची बंदूक ओढली आणि विहिरीच्या दगडावर आपटली. लोखंडी गोळा तडकला. भरलेली हवा सूं करत निघून गेली. कोणी हसलं नाही.

जमादारांच्या हातात भिंतीखालची माती होती. त्यांनी ती चिमटीत चुरली. मग वर ढिगाकडे पाहिलं, रेच्यावरच्या बायांकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं, हे मला तिथेच कळलं.

"चूक माही हाये," ते दुभाष्याला म्हणाले. "घूस राह्यली माह्या हातून."

साहेब पुढच्या वखारीकडे गेला. माझा माल त्याच आठवड्यात विकला गेला. जमादारांना मात्र त्यानंतर एकाही वखारीनं बोलावलं नाही. ज्याची भिंत पडली, त्याची हमी कोण घेणार? महिनाभर ते पेठेच्या तोंडाशी येऊन बसत होते. मग दिसेनासे झाले.

मला त्यांचा राग येई. खरंच सांगतो, अजूनही येतो. त्यांनी तोंड उघडलं असतं तर मी भांडलो असतो, खोटं बोललो असतो, सजा भोगली असती आणि हिशोब मिटला असता. त्यांनी गप्प राहून मला कायमचा अडकवला.

पुढच्या उन्हाळ्यात कामासाठी अकोल्याला गेलो होतो, तिथून बाळापूरला गेलो. किल्ल्याच्या खाली, नदीकाठी त्यांचं घर सापडलं. पेरूच्या झाडाखाली बाजेवर बसले होते. मला पाहून उठले.

"या शेठजी! सूनबाई, पाणी आण व. आपले अमरावतीचे शेठजी आले. लय भला मानूस."

सून आत गेली तेव्हा मी विचारलं, "जमादार, तुमी बोलले कावून नाई त्या दिवशी?"

"बोललो असतो तं वखारीले कुलूप लागलं असतं. रेच्यावरच्या बाया कुठं गेल्या असत्या?" मग म्हणाले, "अन् मले वाटलं, साहेब गेल्यावर तुमी बोलसान."

एवढ्यात सून पाण्याचा तांब्या आणि एक लहानशी वाटी घेऊन आली. बिचारी हसून म्हणाली, "शेठजी, तुमी मामाजीले इतके दिवस सांभाळलं. डोये गेले यायचे, म्हनून घरी पाठवलं ना तुमी? आमी रोज दवा घालून राह्यलो. वैद्य म्हंते, नजर परत येईन."

मी जमादारांकडे पाहिलं. त्यांनी नजर वळवली. घरच्यांना त्यांनी हेच सांगितलं होतं. पेठेनं चोर ठरवून हाकललं, हे सांगण्यापेक्षा त्यांना आंधळं होणं बरं वाटलं होतं.

"वरच्या डगालीवर पोपट बसला पाहा, शेठजी," ते हळूच मला म्हणाले. "कच्चा पेरू खाऊन राह्यला." मला तो त्या फांदीवरच्या पानांत शोधूनही सापडला नाही.

सांगायची वेळ तीच होती. सून समोर होती, शब्द तोंडात होते. मी तांब्यातलं पाणी प्यायलो.

"मान वर करा, मामाजी," ती म्हणाली. त्यांनी मुकाट्यानं बाजेच्या काठावर मान टेकवली. तिनं वाटीतला कांद्याचा रस एका डोळ्यात घातला, मग दुसऱ्या डोळ्यात. त्यांच्या पायाची बोटं आवळली, हातांनी बाजेची दोरी घट्ट धरली. गालांवरून पाणी कानांपर्यंत वाहत होतं.

"झोंबते का, मामाजी?"

"नाई व माय," ते म्हणाले. "गुण येऊन राह्यला."