पंगत आणि धावपट्टी

धुळ्यात वारा कुठून येतोय हे देवाच्या खालोखाल कुणाला कळत असेल तर ते माझ्या बहिणीच्या सासऱ्यांना, हे मी आजही पैजेवर सांगेन. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची. बांधकाम खात्यातून हेडक्लार्क म्हणून ते निवृत्त झाले होते, पण त्यांचा जीव अडकला होता मुंबईच्या विमानतळात. तरुणपणी काही वर्षं ते विमानतळाच्या भिंतीला लागून असलेल्या एका चाळीत राहिले होते आणि शेजारच्या खोलीतला गृहस्थ विमानांना उतरायची परवानगी देणाऱ्या मनोऱ्यात नोकरीला होता. त्या गृहस्थाने रोज संध्याकाळी जे सांगितलं, ते नानांनी पुढे जन्मभर धुळ्याला सांगितलं. धुळ्याने विचारलं नव्हतं, तरीही.

विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं आणि वाऱ्याच्या तोंडावरच उडतं, हा त्यांचा मूळ सिद्धांत. समोरून वारा आला की पंखांना आयता आधार मिळतो आणि धाव कमी लागते; म्हणून पट्टी एकच असली तरी आज तिच्या कुठल्या टोकाकडून उतरायचं हे वारा ठरवतो. हा सिद्धांत मी पहिल्यांदा ऐकला तो अक्काच्या लग्नाच्या बोलणीत. मानपानाचा विषय आता निघेल, मग निघेल, म्हणून आम्ही जीव मुठीत धरून बसलेलो. नाना खाकरले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "तुमचं घर पश्चिममुखी. संध्याकाळी वारा थेट आत येत असेल?" वडील घाबरत म्हणाले, "येतो." "मग पाहुण्यांना मागच्या दाराने घेत चला. वाऱ्याच्या समोरासमोर येतील." मला आमच्या घराची लाज वाटली, वडिलांची वाटली आणि का कोण जाणे, वाऱ्याचीही वाटली.

पुढे अक्काकडे माझं जाणं-येणं वाढलं तशी ही लाज अंगवळणी पडायला हवी होती, पण ती रोज नवी निघायची. नानांची स्कूटर वाऱ्याकडे तोंड केल्याशिवाय सुरू होत नसे. म्हणजे स्कूटरची हरकत नव्हती, नानांची होती. जायचं असायचं बसस्टँडला, आणि आम्ही निघायचो उलट्या दिशेला; चौकात वळसा घालून, पुन्हा घरावरून, गल्लीतल्या सगळ्यांना दुसऱ्यांदा रामराम करत पुढे. मी मागच्या सीटवर रुमालाने तोंड पुसत असल्याचं सोंग करायचो. न्हाव्याची खुर्ची ते फिरवून घेत. अक्का गच्चीवर पापड घालायला निघाली की खालून ओरडत, "थांब! आज पूर्वेकडून घ्यायचे!" आणि ती बिचारी पदर सावरत पूर्वेकडून घ्यायची.

एकदा मी नको तो प्रश्न विचारला, "नाना, विमानं उतरत असतानाच वारा फिरला तर?" असा जावई का नाही मिळाला, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वारा अगदी मंद असेल तर कुठलंही टोक चालतं, ते म्हणाले. तेव्हा मनोऱ्यातली माणसं आपल्या सोयीचं बघतात. थोडासा वारा पाठीमागून लागला तरी खपवून घेतात. कारण मोठ्या विमानतळावर वर आभाळात विमानांची रांग लागलेली असते, खाली उडणाऱ्यांची रांग एका टोकाला उभी असते. लगेच टोक बदललं तर सगळा गोंधळ. म्हणून जरा फट मिळेपर्यंत थांबायचं आणि मग सगळ्यांना दुसऱ्या टोकाला न्यायचं. "पण वारा जोराचा असला, तर मात्र काही बघायचं नाही, भाऊ. सगळं थांबवायचं आणि फिरवायचं. तिथे लाज-शरम नाही."

नानांच्या धाकट्या मुलीला सावद्याचं स्थळ आलं होतं. केळीच्या बागा असलेलं घर, मुलगा शिकलेला. दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं, आणि ही मुलगी त्यानंतर स्वयंपाकघरात गुणगुणायला लागली होती, म्हणजे काही सांगायलाच नको. सावदेकर मंडळी पक्कं करायला येणार म्हणून नानांनी शेतात भरताचा बेत ठेवला. हिवाळ्याचे दिवस, कपाशीच्या काढलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग बांधावर तयार. नानांनी सकाळीच जाऊन वारा पाहिला, पूर्वेचा निघाला, म्हणून पंगत पूर्वेला आणि पऱ्हाट्यांची आगटी पश्चिमेला. धूर पाहुण्यांच्या उलट दिशेला जायचा. सगळं अगदी मनोऱ्यातून ठरवल्यासारखं.

पाहुणे केळीच्या पानांवर बसले, कळण्याची भाकरी आली, भरीत वाढून झालं, आणि वारा फिरला. नुसता फिरला नाही, चांगला जोराने फिरला. दुसऱ्या खेपेची वांगी आगटीत होती, आणि तो सगळा धूर पंगतीवर आला. मी धावत नानांकडे गेलो. "नाना, त्यांना पलीकडे बसवू या." नाना पंगतीकडे बघत म्हणाले, "रांग उतरू दे, भाऊ. मधेच टोक बदलत नाहीत." मी म्हटलं, "नाना, वारा जोराचा आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मान खाली घालून, विमानतळ सोडून, आपल्या बोलीत पुटपुटले, "जेवता व्याहीले पानवरथीन कशा उठाडू रे?"

होणारे व्याही तर त्याहून सभ्य. डोळ्यांतून धारा, चेहरा लाल, आणि "काही नही, काही नही, भरीत झकास झालं" म्हणत घास घेताहेत. त्यांना दमा होता हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं तेव्हा ते पानावर कलले होते. बैलगाडीतून रस्त्यापर्यंत, तिथून धुळ्याला दवाखान्यात. संध्याकाळी श्वास जागेवर आला आणि ते गावी गेले. नाना दवाखान्याच्या पायरीवर बसून होते. निरोप घ्यायलाही आत गेले नाहीत. "बठ्ठं मन्हं चुकनं," सगळं माझंच चुकलं, एवढंच म्हणत राहिले.

सावद्याहून निरोप आला नाही. आम्ही वाट पाहिली. मध्यस्थाला पाठवू या असं अक्का म्हणाली, पण नाना हात जोडून म्हणाले की कुठल्या तोंडाने विचारायचं. होळी गेली, उन्हाळा गेला. मुलीचं गुणगुणणं कधी थांबलं ते कुणी बोललं नाही. पुढे तिला शिरपूरला दिली. घर चांगलं आहे, माणसं चांगली आहेत.

त्यानंतर काही वर्षांनी कामानिमित्त मी सावद्याला गेलो, तर केळीच्या ट्रकांजवळ तेच हुकलेले व्याही उभे. मला चहाला घेऊन गेले. बशीत चहा ओतताना म्हणाले, "आमीच निरोप धाडनार होतो हो, भाऊ. पन मले लाज वाटली. लोकाच्या घरी जाऊन पंगतीत आडवा पडलो. मुलीवाल्यांले वाटलं असीन, आजारी घर हाये, इथी कुठी पोरगी द्यायची. धुरातून उठून जरा बाजूला बसलो असतो तर काय झालं असतं? पन नानांनी एवढ्या प्रेमानं बसवलेलं." मग त्यांनी मुलीचं विचारलं. मी सांगितलं. मुलाचं लग्न जळगावला झालं होतं.

धुळ्याला येऊन मी नानांना हे सांगितलं. न सांगून राहवलं नाही. त्यांचा चेहरा इतका पडलेला मी दवाखान्याच्या पायरीवरही पाहिला नव्हता. म्हणाले, "पोरले सांगजो नको, भाऊ."

मी सांगितलेलं नाही. दिवाळीला ती माहेरी येते, तिची मुलं नानांच्या अंगावर उड्या मारतात. आजोबा, विमानाचं सांगा, म्हणतात. नाना दुसऱ्या कुठल्या तरी गोष्टी सांगतात. मागच्या वेळी तिनेच हसत विचारलं, "नाना, इमानतळनं काबर सांगतस नही आते?" नाना म्हणाले, "इसरी गऊ माय." तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी खाली वाकून चपला शोधू लागलो.