न मारलेला सिक्सर

शाल म्हटली की धम्मानंद गजभियेच्या डोक्यात तिडीक जाते. एकेकाळी तो देशाच्या अंध क्रिकेट संघाचा कर्णधार होता, सलामीचा फलंदाज होता, परदेशात जाऊन जिंकून आला होता. त्याबद्दल त्याला आजवर मिळाल्या त्या शाली. पोट भरतं ते नंदनवन वस्तीतल्या खोलीत वेताच्या खुर्च्या विणून. शाल घालणाऱ्यांपैकी एकानंही कधी विचारलं नाही की बाबा, तू खेळायचास कसा? आंधळा खेळतो, एवढंच कौतुक त्यांना पुरतं.

हा खेळ कानांचा. चेंडूत छर्रे असतात, तो जमिनीलगत खुळखुळत येतो. गोलंदाजानं आधी ‘तयार?’ विचारायचं, फलंदाजानं ‘हो’ म्हटल्यावरच चेंडू टाकायचा. मग मैदानात कुणी चकार शब्द काढायचा नाही. धम्मानंद गुडघा टेकून असा स्वीप मारायचा की समोरचे कर्णधार हैराण व्हायचे. पूर्ण आंधळ्याच्या धावा दुप्पट धरतात. ती सवलत नियमातली, दोन्ही संघांना सारखी. त्यावर एक धावही त्यानं कुणाकडून फुकट घेतली नव्हती.

सल एकच होती. त्याची माय प्रयागबाई गावी, खाप्याला असते, ऐंशीला टेकली आहे. तिनं पोराचा खेळ कधी पाहिलाच नव्हता. सामने व्हायचे दूरदेशी, आणि आंधळ्यांचे सामने टीव्हीवर कोण दाखवतो? म्हणून वस्तीतले पुढारी मधुसूदनराव सत्काराचा सामना घेतो म्हणाले, तेव्हा त्यानं शालीसकट होकार दिला. अट घातली, की आपण खेळताना आवाज नको. मधुसूदनराव म्हणाले, कॅप्टनसाहेब, तुम्ही निर्धास्त राहा.

रविवारी माय पहिल्या रांगेत बसली. धम्मानंदनं पायानं क्रीज चाचपली, बॅट टेकली. चेंडू टाकायला मधुसूदनराव स्वतः आले, फोटो निघायचे होते ना. ‘तयार?’ विचारायचं ते विसरले, तेव्हा धम्मानंदनंच ‘तयार, टाका’ म्हटलं. त्याच क्षणी कॅप्टनच्या मानासाठी म्हणून डीजे दणाणला. छर्रे त्या धडधडाटात बुडाले. धम्मानंद गुडघ्यावर बसला, बॅट हवेतून फिरली आणि मागे लोखंडी स्टंप खणकन पडले.

माईकवरून आरोळी आली, सिक्सर! सगळं मैदान टाळ्या पिटू लागलं.

स्टंप पडले, असं तो ओरडून सांगत राहिला. अंपायर म्हणाला, नोबॉल होता. कुणी म्हणालं, वाऱ्यानं पडले. मधुसूदनरावांनी खांद्यावर हात टाकून समजूत घातली, की लोक खूश आहेत, कशाला मनाला लावून घेता. एवढे डोळस लोक, आणि सगळे मिळून एका माणसाच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलत होते. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला आउट करण्यासाठी परदेशातल्या पोरांनी जिवाचं रान केलं होतं, शिव्याही घातल्या होत्या. त्या शिव्यांत मान होता. या टाळ्यांत कीव होती, आणि ती त्याला गिळवत नव्हती.

“बंद करा ते,” तो असा गरजला की डीजेवाल्याचा हात आपोआप बटणाकडे गेला. मग तो पहिल्या रांगेकडे वळला. “माय, तू पाहून राहिली होती ना? सांग, का झालं?”

मधुसूदनराव हळूच म्हणाले की आजी, सिक्सर म्हणा, पोराला बरं वाटेल.

प्रयागबाईनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “तिन्ही स्टंप पडले, धम्मा. आउट झाला तू.”

धम्मानंदनं बॅट काखेत मारली. हात धरायला कुणीतरी धावलं, त्याला त्यानं झटकलं.

“माय, तू बोलत राय,” तो म्हणाला. “मी तुह्या आवाजावर येतो.”

मग भर मैदानात म्हातारी पोराला सुनावत राहिली, की गुडघा काहून एवढा लवकर टेकला, बॉल तर मागाहून आला, आणि अशी बॅट फिरवतेत का गा. आणि तो एकेक शब्द ऐकत, ताठ मानेनं, तिच्याकडे चालत गेला.