गळती थांबली की निघू

आमच्या ह्यांनी नोकरीत असेपर्यंत भिंतीत एक खिळा ठोकला नाही. घड्याळ टांगायचं झालं तरी दादाला निरोप जायचा. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ आणि ह्यांचा शाळेपासूनचा मित्र. आमचं लग्न त्यानेच जमवलं. "मुलगा सरळ आहे, फक्त त्याच्या हातात हातोडी देऊ नकोस," असं मला बजावून. दादा यायचा, खिळा ठोकायचा, चहा प्यायचा आणि मग दोघं कशावरून तरी इतके हसायचे की शेजारी डोकावून बघायचे.

असा माणूस निवृत्त झाल्यावर गॅलरीत दहा बादल्या आणून ठेवतो, तेव्हा बायकोने काय समजावं?

मातीशिवाय भाजी पिकवायची होती म्हणे. प्रत्येक बादलीच्या झाकणात एक जाळीची कुंडी, कुंडीत खडे, खड्यांत रोप, आणि मुळं खाली पाण्यात लोंबणार. बादल्या बुडाशी नळीने एकमेकींना जोडलेल्या, आणि शेवटी एक मोठी टाकी. टाकीत माशांच्या काचपेटीत असते तसली छोटी मोटर. पाणी सगळ्या बादल्यांतून फिरून पुन्हा टाकीत येणार. "एकदा बसवलं की बघायलाच नको," हे म्हणाले. त्यानंतर आम्ही दुसरं काही बघितलंच नाही.

बादल्यांना गोल भोकं पाडायचं यंत्र भाड्याने मिळतं. ते मागायला ह्यांना संकोच. मग काय, लोखंडी नळीचा तुकडा गॅसवर लाल केला आणि बादलीला टेकवला. भोक पडलं, घरभर जळक्या प्लास्टिकचा वास पसरला, स्वारी खूश. पण वितळलेलं प्लास्टिक भोकाच्या कडेला जाडजूड गोठलं, आणि त्या वेड्यावाकड्या कडेवर रबरी वायसर काही केल्या नीट बसेना. प्रत्येक बादलीला दोन भोकं, आणि प्रत्येक भोकातून टिपूस चालू.

आधी सिलिकॉन फासलं. बादलीच्या गुळगुळीत प्लास्टिकला ते धरतच नाही, दोन दिवसांत सायीसारखं अख्खं सुटून हातात आलं. मग पांढरी टेप झाली, मग दोन रंगांची मळून लावायची ती पुटी झाली. मग नट इतका आवळला की बादलीच तडकली. शेवटी मी प्लंबरला बोलावलं. तो उकिडवा बसला, भोकावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "काका, हे भोक कुणी पाडलं?" ह्यांनी शांतपणे माझ्याकडे बघितलं! प्लंबर मला उपदेश करून निघून गेला.

तेवढ्यात खालच्या ताई वर आल्या. त्यांच्या छताला ओल आली होती. बाई भली, पण तिने छताचा तो डाग मला खाली नेऊन दाखवला आणि म्हणाली, "वहिनी, मी काही बोलत नाही." न बोलणाऱ्या माणसाचं ऐकून घेणं फार अवघड. त्या दिवसापासून घरात कुणीतरी एक जण असलंच पाहिजे असा नियम झाला. लग्नाला एक जाणार, दुसरा घरी. दवाखान्यात एक जाणार, दुसरा घरी. आणि मोटर बंद पडली तर उन्हाळ्यात दुपारपर्यंत रोपं माना टाकतात, म्हणून लक्ष ठेवायला पण कुणीतरी हवंच.

माझं काम टॉर्च धरायचं. हे बादल्यांमागे पालथे पडलेले आणि मी कमरेत वाकून उभी. "माझ्या डोक्यावर नको गं, नटावर धर." एवढं मात्र म्हणेन, माणूस चिवट. प्रत्येक भोकाची कड ब्लेडने तासली, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केली. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून चकत्या कापल्या, एक आतून, एक बाहेरून. नट आधी हाताने घट्ट, मग पान्याने जरासाच. आणि गळती थांबली. दोन वर्षं लागली, पण एक दिवस ह्यांनी गॅलरीच्या फरशीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि संध्याकाळी ते कोरडं उचललं. मला हाक मारून ते दाखवलं. मी सुद्धा टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

ह्याच काळात दादाचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग घराचा रस्ता. तो राहतो बसने दिवसभराच्या अंतरावर. डॉक्टरांनी वहिनीला सांगून टाकलं होतं की हे वाढतच जाणार. मी आठवड्याला फोन करायचे. "कधी येताय?" तो विचारायचा. "येतो रे, गळती थांबली की निघतोच." "कसली गळती?" मग मी सगळं रामायण सांगायचे, लाल नळीपासून प्लंबरपर्यंत, आणि दादा पोट धरून हसायचा. "त्याच्या हातात पाना दिला कुणी?" पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न, तेच रामायण, तेच हसणं. त्याला ते दरवेळी नवीन होतं. मलाही बरं वाटायचं, तो हसतोय म्हणून.

मग एकदा तो हसला नाही. "बरं," एवढंच म्हणाला. वहिनीने फोन घेतला. "जमलं तर लवकर या. आवाज अजून ओळखतो. पुढचं काही सांगता येत नाही."

मी हात धुवून ह्यांच्या मागे लागले. हे लगेच हो म्हणाले. तिकिटं काढली, पिशव्या भरल्या, आणि आदल्या संध्याकाळी गॅलरीत पाणी! चार नंबरची बादली. जाणं रद्द. पुन्हा तिकिटं काढली, पुन्हा पाणी, ह्या वेळी सात नंबर. मी म्हटलं, "मी एकटी जाते." तर म्हणाले, "एकटी कशी जाशील? तुला बसचा त्रास होतो. मी येतो ना. एवढी गळती थांबली की निघू." नाही म्हणाले असते तर भांडता आलं असतं. हो म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं कुठून सुरू करायचं?

टोमॅटोचे वेल गॅलरीच्या जाळीवर चढून छताला टेकले होते. मला समोरचा रस्ता दिसायचा बंद झाला. मोटरची घरघर स्वयंपाकघरात, निजायच्या खोलीत, न्हाणीघरात, कुठेही जा, कानात. मी खुर्चीत बसून त्या पानांकडे बघायचे आणि मला वाटायचं, ह्या घरातून आता मी बाहेर पडत नाही. तिकडे दादा रोज थोडा थोडा जातोय, आणि मी इथे बादल्यांची राखण करतेय. चीड यायची आणि रडू यायचं, दोन्ही एकदम.

तिसऱ्यांदा तिकिटं काढली. आदल्या दुपारी वाळलेले कपडे काढायला म्हणून मी गॅलरीत गेले. हे पाठमोरे बसले होते, चार नंबरपाशी, हातात पाना. मला वाटलं, तपासताहेत. पण मी दोन वर्षं टॉर्च धरून उभी राहिलेय. नट घट्ट कुठल्या बाजूला होतो आणि सैल कुठल्या, ते मला झोपेतही कळतं.

"अहो."

ह्यांचा हात थांबला.

"मागच्या वेळी पण तुम्हीच?"

हे मग वळले. "आधीची गळती खरी होती गं."

"आणि नंतरची?"

मान खाली.

"का? माझा भाऊ आहे तो. बसल्या जागी संपत चाललाय, आणि तुम्ही नट सैल करताय? मला इथे कोंडून ठेवायला?"

"तुला नाही गं." पाना फरशीवर ठेवला, हात पँटला पुसले, पुन्हा पुसले. "मी गेलो आणि त्याने मला ओळखलं नाही तर? इथे बसलोय तोवर तो मला ओळखतो. लहानपणापासून मला ओळखणारं दुसरं कोण उरलंय?"

ह्यांना रडताना मी सासूबाई गेल्या तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर आता. मला दया आली. पण त्याहून जास्त राग आला, आणि तो मी गिळला नाही. "तुमचं ओळखणं सांभाळलंत," मी म्हटलं. "माझं कोण सांभाळणार होतं?"

हे उठले, नट घट्ट केला, आणि मी काही सांगायच्या आत मोटरचा प्लग काढला. घर एकदम इतकं शांत झालं की मला रस्त्यावरची वाहनं ऐकू आली. सकाळी निघताना टोमॅटो लगडलेले होते आणि पानं मलूल व्हायला लागली होती. कुलूप मीच लावलं.

दादा खिडकीजवळ बसला होता. वहिनीने त्याची दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार ठेवलं होतं. मी "दादा" म्हटलं आणि समोरच्या खुर्चीत बसले. हे पलंगाच्या कडेवर टेकले. दादाने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं आणि हसला, अनोळखी पाहुण्यांकडे बघून हसतात तसा.

"प्रवासात त्रास नाही ना झाला?"

"नाही," मी म्हटलं.

"कोण आलंय बघा तरी," वहिनी म्हणाली.

"बघतोय ना. चहा टाक ह्यांना." मग तो माझ्याकडे झुकला, काहीतरी आनंदाची बातमी सांगावी तसा. "माझी बहीण यायची आहे. ती आणि तिचा नवरा. त्यांच्याकडे पाणी गळतंय, ते थांबलं की निघणार आहेत."

हे पलंगावरून जरा पुढे सरकले.

"थांबलं ते," हे म्हणाले. "केव्हाच थांबलंय."

"थांबलं?" दादाचा चेहरा असा खुलला, की तसा मी तो कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. "मग पोचतीलच आता." त्याने माझ्या खुर्चीकडे बोट केलं. "राग मानू नका, पण तुम्ही तिकडे पलंगावर बसता का? ही तिच्यासाठी ठेवलीय."

मी उठले आणि पलंगावर ह्यांच्या शेजारी जाऊन बसले.