दिवसभरात एकदाही न जाणारी सून

"अम्माजी, बाथरूम होके आई ना?" सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"आत्ताच जाऊन आले," मी तिसऱ्यांदा सांगितलं. आमच्या बुऱ्हाणपुरात दवाखान्यातला प्रश्न हिंदीत येतो, उत्तर मराठीत जातं, कुणाचं काही अडत नाही.

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. मधोमध एक मोठा काळा फुगा. "ये पेशाब की थैली है. पूरी भरी है. खाली हुई ही नहीं."

अठ्ठावीस वर्षं मी शाळेत पोरांच्या थापा पकडल्या. अडुसष्टाव्या वर्षी मशीनने माझी पकडली. पण मी थाप मारलीच नव्हती. खरंच जाऊन आले होते, आणि मला मोकळंही वाटलं होतं.

मग त्यांनी दोन्ही बाजूंचे दोन लहान फुगे दाखवले. ती माझी मूत्रपिंडं. कागदावर लिहिलं होतं हायड्रोनेफ्रोसिस. म्हणजे लघवी पुढे सरकत नाही म्हणून मागे तुंबते, आणि मूत्रपिंडं सुजतात. रक्तातलं क्रिएटिनिनही वाढलेलं. मूत्रपिंड नीट गाळत नसलं की ते वाढतं.

वर्षभर माझं ओटीपोट जड होतं, त्याला मी गॅस म्हणत होते आणि ओवा खात होते. शिंकताना थेंब गळायचे, त्याला म्हातारपण म्हणत होते. पाय सुजले तेव्हा चपलांना दोष दिला. बायांनो, तिन्ही चुकीचं होतं. थेंब का गळत होते, तर पिशवी काठोकाठ भरलेली होती म्हणून. हंडा भरला की पाणी सांडतं, तसं.

दुसऱ्या दिवशी भरती केलं. कॅथेटर घातलं, म्हणजे लघवी बाहेर काढणारी बारीक नळी. खाटेला लटकवलेली पिशवी भरत राहिली. सिस्टरने थोडी थोडी करत मोजली आणि वहीत लिहिली. सव्वा लिटर. मी त्या पिशवीकडे बघत बसले. एवढं मी कुठे ठेवलं होतं?

तिसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले. सून डबा घेऊन आलेली होती. तिच्यासोबत माझी नात गार्गी, सहावीतली. तिला उन्हाळी लागली होती, लघवीला जळजळ, म्हणून दोन दिवस शाळा बुडवून घरी होती. धन्याचं पाणी चालू होतं.

"दिवसातून किती वेळा जाता?" डॉक्टर मराठी बोलणारे निघाले.

"दोनदा," मी मान ताठ करून सांगितलं. "पहाटे आणि रात्री. लग्न झाल्यापासून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "लग्न झाल्यापासून म्हणजे?"

म्हणजे असं. माझ्या सासरी संडास पुढच्या दाराशी होता आणि त्याच्यासमोर ओटा. ओट्यावर सासरे आणि त्यांची मित्रमंडळी दिवसभर गप्पा हाणत बसायची. तांब्या घेऊन त्यांच्यासमोरून जायचं म्हणजे दवंडीच पिटायची. मग बाया पहाटे जायच्या, नाहीतर पुरुष जेवायला बसले की. बाकीच्यांची तारांबळ उडायची. मी, एकवीस वर्षांची शहाणी, पाणीच प्यायचे नाही. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमची सून लय गुनाची. सकाळची गेली का रातलेच जाते." ते ऐकून ती शहाणी अशी फुगायची की काय सांगू. दुसऱ्या बायांना पदकं मिळतात, हिला हे मिळालं होतं.

नोकरी लागली ती दापोऱ्याच्या पुढच्या एका खेड्यात. शाळेत संडास एक, त्याला कुलूप, किल्ली हेडमास्तरांच्या टेबलावर. अठ्ठावीस वर्षांत मी ती किल्ली चार वेळा मागितली. चारही वेळा कारण सांगितलं, हात धुवायचे आहेत. एकदा पोरांना घेऊन असीरगढचा किल्ला चढले, उतरले, संध्याकाळी घरी आले, आणि मधे कुठे अडले नाही म्हणून आठवडाभर मिरवलं.

डॉक्टर ऐकत होते. मग म्हणाले, "आजी, पिशवी म्हणजे स्नायू असतो. रोज ताणत राहिलात तर तो सैल पडतो. मग ती भरली हेसुद्धा कळत नाही. तुमची आता आपणहून आकसेल असं मला वाटत नाही."

"औषध?"

"याला औषध नाही."

मी काही बोलणार एवढ्यात गार्गी म्हणाली, "आजी, मी पण तर नाही जात दिवसभर. तूच तर शिकवलं."

सुनेच्या हातातला डबा तसाच राहिला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

शिकवलं होतं. शाळेचा संडास घाण आहे अशी तिने कुरकुर केली, तेव्हा मी तिला जवळ बसवून माझी विद्या दिली होती. सकाळी दोन घोट, मग सुटल्यावर. फारच लागली तर सतराचा पाढा उलटा म्हणायचा. पोरगी पाढ्यात हुशार. उन्हाळी तिला उन्हाने लागलीच नव्हती. मी लावली होती.

त्याच दिवशी तिची तपासणी झाली. लघवीत जंतू सापडले, पण पिशवी चांगली होती. "हिचं वेळेत कळलं," डॉक्टर म्हणाले. माझ्या आजारपणात मला जीवदान मिळालं ते या तीन शब्दांत.

मला मात्र नवी विद्या शिकावी लागली. दिवसातून चार वेळा स्वच्छ नळी स्वतःच्या हाताने घालायची, पिशवी रिकामी करायची, नळी काढायची. आयुष्यभर. सिस्टरने हातात आरसा दिला. अडुसष्ट वर्षं मी आरशात फक्त टिकली सरळ आहे का ते बघितलं होतं. मी तो पालथा ठेवला. सिस्टर म्हणाली, "शरमाओ मत अम्मा, आपका ही तो है." हे मला कुणी लग्नाच्या आधी सांगायला हवं होतं. पाचव्या प्रयत्नाला जमलं.

घरी आल्यावर मी रोज गार्गीची पाण्याची बाटली तपासायला लागले. आठवडाभर ती रिकामी येत होती. मी खूश. पण पोरगी दारात दप्तर टाकून थेट संडासात पळायची. मी त्या खेळातली जुनी खेळाडू. बसवून विचारलं.

"गेटजवळच्या जास्वंदीला ओतते," ती म्हणाली. "आजी, शाळेच्या संडासाला कडी नाहीये. मुलं धक्का देतात."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी शाळेत गेले. शिपायाकडून खुर्ची मागितली आणि मुलींच्या संडासाच्या दाराला पाठ लावून बसले. पहिल्या दिवशी गार्गी आणि तिच्या तीन मैत्रिणी आल्या. तिसऱ्या दिवशी रांग लागली. त्या रांगेत पोरींच्या बाईही होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. त्यांचं मला कळत होतं.

हेडमास्तर आले. "माताजी, कब तक बैठेंगी आप यहाँ?"

"कडी लागेपर्यंत. मला घरी काम नाही, आणि उठायची घाईही नाही. माझी नळी माझ्यासोबत आहे."

त्यांना नळी समजली नाही, मी समजावून सांगायला लागले, तर ते घाईने निघून गेले. चौथ्या दिवशी कडी लागली.

माझं क्रिएटिनिन उतरतंय. पूर्वीसारखं होणार नाही, पण डायलिसिस टळलं. त्या सिस्टरला मी रोज आठवते. आणि ती एकवीस वर्षांची शहाणी मला आज भेटली, तर तिच्या हातात तांब्या देऊन तिला भर दुपारी ओट्यासमोरून पाठवीन.

गार्गीने माझ्या फोनमध्ये चार गजर लावून दिलेत. त्यातला एक तिच्या मधल्या सुट्टीच्या वेळेला वाजतो. मी नळी आणि आरसा घेऊन आत जाते. संध्याकाळी ती आली की बाटली बघत नाही, जास्वंदीची चौकशी करते.

सुकत चालली आहे, म्हणते.