सी हॉकची उंच शेपटी

दादरच्या एका हॉलमध्ये, भर गर्दीत, माझ्या विमानाची शेपटी चुकली आहे असं मला सांगण्यात आलं. सांगणारे गृहस्थ परीक्षक होते. नौदलातून निवृत्त, पांढराशुभ्र शर्ट, खिशात छोटं भिंग. वर्षातून एकदा तिथे हौशी लोक आपापली छोटी विमानं आणि जहाजं मांडतात. त्या दिवशी टेबलावर बाईचं नाव एकच होतं, माझं.

"बाई, हे सी हॉक. पण सी हॉकची शेपटी एवढी उंच नसते," ते म्हणाले.

"असते. आपल्याकडे दोन प्रकारची आली होती. हे दुसरं."

"कोणी सांगितलं?"

"माझ्या वडिलांनी. त्यांनी ह्या शेपटीची खोळ शिवलीय."

ते हसले. हसण्यात वाईटपणा नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. "खोळ शिवणाऱ्याला विमानाचा प्रकार काय कळणार हो?" आजूबाजूचे चार-पाच जण हसले. विमानापुढच्या चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं, 'शेपटीची उंची चुकीची'.

ताडपत्री शिवून मी लालबागमध्ये दुकान उभं केलं आहे. टेम्पोवर टाकायची, स्कूटरवर घालायची, एसीवर बांधायची, सगळी कव्हरं माझ्याकडे शिवून मिळतात. एका शिलाई मशीनवर सुरुवात केली, आता पाच आहेत. घासाघीस करताना समोरचा घामाघूम होतो आणि मला मजा येते. पण त्या दिवशी मी विमान खोक्यात ठेवलं आणि सरळ हॉलमधून बाहेर पडले.

बाबा सरकारी कारखान्यात कॅनव्हासच्या कामाला होते. नौदलाची विमानं खाऱ्या हवेत उभी असायची, त्यांना खोळी लागायच्या. वर्षातले काही महिने त्या कामासाठी बाबांना गोव्याला, नौदलाच्या विमानतळावर पाठवत. लहानपणी मी बाबांना विचारायची, तुम्ही विमानात बसलात का? ते म्हणत, "नाय गो. पण मी त्याका कपडे घातलंय." आमच्या चाळीत वडिलांच्या मिलबद्दल बोलणारे पुष्कळ होते. माझ्या वडिलांच्या विमानांवर कुणाचा विश्वास नव्हता. शाळेत एकदा मी सांगितलं, तर बाईसुद्धा म्हणाल्या, "शिंप्याचं आणि विमानाचं काय?"

बाबांची नजर अधू झाल्यापासून ते दिवसभर खिडकीशी बसतात. मागच्या वर्षी त्यांची पेटी साफ करताना तळाशी अंथरलेला एक मोठा खाकी कागद निघाला. बाबांनी बोटं फिरवली आणि म्हणाले, "ही सी हॉकाची शेपटी. उंचवाली." खोळ कापण्यासाठी केलेला, पुढे रद्दीत काढलेला कागदाचा फर्मा होता तो. खऱ्या मापाचा.

मी फोर्टातल्या एका दुकानातून सी हॉकचं किट आणलं. खोका चेपला होता, त्यावरून दुकानदाराला अर्धा तास धारेवर धरलं. अठ्ठेचाळीस पटीने लहान असं ते किट होतं, पण त्यातली शेपटी बुटकी, पहिल्या प्रकारची. मग मी शोधायला बसले. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, पण मी वाचलं. पहिली विमानं इंग्लंडहून आली, नंतरची जर्मनीने वापरून झालेली घेतली. त्या जर्मन लॉटची शेपटी उंच. म्हणजे बाबा बरोबर. मी फर्म्याची उंची मोजली, अठ्ठेचाळीसने भागली, पांढऱ्या प्लास्टिक शीटचे थर चिकटवून शेपटी वाढवली, पुट्टी भरली, पॉलिशपेपर मारला, वरून गडद राखाडी, खालून फिकट रंग दिला. तेच विमान घेऊन मी दादरला गेले होते.

आता मला फोटो हवा होता. इंटरनेटवरचे फोटो परीक्षकांनी मानले नसते. ते म्हणाले असते, हे कुठल्या देशाचं कोण जाणे. मला आठवलं, कफ परेडच्या मच्छीमार नगरमध्ये माझं एक म्हातारं गिऱ्हाईक आहे, नाखवा. तरुणपणी ते विमानवाहू जहाजावर खलाशी होते, नंतर होडीकडे परतले. त्यांच्या घरात भिंतीवर मित्रांबरोबरचा फोटो, मागे सी हॉक विमान, पंख दुमडलेलं. ताडपत्रीचं माप घ्यायला गेले असताना मी तो पाहिला होता.

"नाखवा, दोन दिवस द्या. तुमची पुढची ताडपत्री फुकट शिवते."

"ताडपत्री शिव. फोटो भिंतीवरनं हलणार नाय."

"दोन ताडपत्र्या."

"अगं, त्या फोटोत मी देखणा दिसतोय. तो गेला तर बायकोला पुरावा काय दाखवू?"

आतून त्यांची बायको ओरडली, "मला नको पुरावा, घेऊन जा गं!" तरी नाखव्यांनी दिला नाही. मोबाइलवर फोटो काढू दिला, तोही समोर उभं राहून. मी हरले, पण काम झालं. विमान फोटोत अगदी बाजूने होतं, नाकापासून शेपटीपर्यंत पूर्ण.

फोटोची मोठी प्रत काढून दुकानात आणली. दोरा लावून फोटोतल्या विमानाची लांबी मोजली, मग शेपटीची उंची. तसंच माझ्या विमानावर केलं. फोटोतली शेपटी उंच होती, बुटकी नव्हती, परीक्षक साफ चुकले होते. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण लांबीच्या मानाने माझी शेपटी फोटोतल्यापेक्षाही उंच येत होती. परत मोजलं. दोरा बदलून मोजलं. तेच.

घरी आले ती चिडूनच. बाबांसमोर फर्मा आपटला. "तुमचा कागद खोटा आहे."

त्यांनी कागद मांडीवर घेतला. कडेकडेने बोटं फिरवत गेले, खालच्या बाजूला आले, थांबले. "तू खंयसून माप घेतलंस?"

"ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"आणि माया? ही बघ, हंय रेघ मारलली आसा. खाली वीतभर दुमडून नाडीन बांधूची. वरती शिवण. ह्यां माप खोळीचां गो, इमानाचां नाय."

पेन्सिलची रेघ तेलाच्या डागाखाली गेली होती. पण डागाला दोष देऊन काय करू? गिऱ्हाइकाच्या स्कूटरचं माप घेताना शिवणीसाठी, दुमडण्यासाठी जादा कापड, म्हणजे माया, धरायची, हे माझ्या दुकानात झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक आहे. रोज दहादा करते ते. बापाचं खरं ठरवायच्या घाईत मला शेपटी उंच हवी होती, म्हणून ती उंच निघाली. वीतभर कापड, अठ्ठेचाळीसने भागलं की जवळजवळ पाच मिलिमीटर.

मनात आलं, फोटो तेवढा दाखवावा, विमान दाखवूच नये. परीक्षक चुकले एवढं तर सिद्ध होतंच. बाबांना मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "मग तो म्हणात, खोळ शिवणाऱ्याक माप येत नाय. आणि ह्या बाबतीत तो खरो ठरात."

मी ब्लेड घेतलं आणि शेपटी कापली.

परीक्षक गिरगावात राहतात, खोताच्या वाडीजवळ. पत्ता मिळवला आणि एका सकाळी गेले. त्यांनी दार उघडलं, मला ओळखलं आणि जरा मागे सरकले. मी फोटो आणि विमान टेबलावर ठेवलं. त्यांनी भिंग काढलं. आधी फोटोतली शेपटी पाहिली, मग माझ्या विमानाची.

"ही जर्मन लॉट," शेवटी म्हणाले. "मी पहिल्या विमानांवरच काम केलं. ही माझ्या डोक्यातच आली नाहीत." मग विमान हातात घेऊन म्हणाले, "पण बाई, त्या दिवशी हे ह्याहून उंच होतं."

"पाच मिलिमीटर. माझी चूक, मीच कापली. तुम्ही तर सगळीच कापायला निघाला होता."

ते हसले. "मान्य. पुढच्या वर्षी मांडा, मी सगळ्यांसमोर सांगतो."

"पुढचं वर्ष कोणी पाहिलंय? वडील त्र्याऐंशीचे आहेत. घरी येऊन त्यांना सांगा."

"फोनवर बोलतो की."

"लोकांसमोर बोललात, आता त्यांच्यासमोर बोला."

"बरं, महिनाअखेरीस."

"उद्या."

"मॅडम, माझे गुडघे आहेत."

"आमच्याकडे लिफ्ट आहे."

"शनिवारी," ते म्हणाले, आणि मी तिथे सौदा सोडला.

शनिवारी ते परळला आमच्या घरी आले. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. परीक्षक समोर बसले, घसा साफ केला आणि सुरुवात केली, "मी त्या दिवशी म्हणालो होतो की खोळ शिवणाऱ्याला..." मी कान टवकारले. एवढ्या एका वाक्यासाठी मी इतके दिवस जळत होते.

"तां सोडा," बाबा म्हणाले. "तुमी खंयच्या वर्साक होतात? दुमडलल्या पंखाची खोळ तुमच्या टायमाक कशी होती? एक तुकडो की दोन?"

परीक्षकांचं वाक्य तिथेच राहिलं. त्यांना राग आला नाही. उलट ते खुर्ची पुढे ओढून बसले. म्हणाले, ते स्वतः दुमडलेल्या पंखांचं सी हॉक करताहेत आणि खोळीच्या नाड्या कुठे बांधायच्या तेच त्यांना कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही. बाबांनी खांद्यावरचा पंचा काढला, माझ्या विमानावर टाकला, एक टोक परीक्षकांच्या हातात दिलं. "धरा. सैल नको. वारो आत शिरता." परीक्षक धरून बसले, दुसऱ्या हाताने वहीत चित्र काढायचा प्रयत्न करत. बाबा त्यांना दोनदा रागावले.

दीड तास मी दारातच उभी होते. माफीचं वाक्य पुरं करा, असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मध्ये शिरायला जागाच मिळेना. निघताना परीक्षकांनी विचारलं, "पुढच्या शनिवारी आलो तर चालेल?"

मी सवयीने अडवायला तोंड उघडलं, त्याच्या आत बाबा म्हणाले, "बुधवारी येवा. शनिवार लांब आसा."