वाळवी नसलेलं कपाट

गल्लीत त्याला सगळे कवळीकाका म्हणत. त्यात थोडी चेष्टा होती, पण खोटं काही नव्हतं. एकतीस वर्षं तो दातांच्या कवळ्या बनवत आला होता. दातांचे डॉक्टर माणसाच्या जबड्याचा ठसा घेऊन त्याच्याकडे पाठवायचे. हा त्यात प्लास्टर ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा, साचा शिजवून गुलाबी हिरडी घडवायचा आणि शेवटी फिरत्या चाकावर घासून तिला चकाकी आणायचा. माणसं त्याला क्वचितच दिसत, जबडे तेवढे दिसत. पण हात असा बसलेला की केसाइतका फरक राहिला तरी तो अख्खं काम मोडून पुन्हा करायचा. डॉक्टर म्हणायचे, "अहो, कोण बघतंय?" तो म्हणायचा, "चावणारा बघतो ना."

असा हा कामाचा सच्चा माणूस जुन्या फर्निचरसमोर उभा राहिला की मात्र वेगळाच होऊन जायचा.

त्याला ते लागत होतं अशातला भाग नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, त्यात तो आणि बायको. मुलगी लग्न होऊन परगावी गेलेली. पण त्या दोन खोल्यांत तीन कपाटं होती, आरसा तडकलेलं एक ड्रेसिंग टेबल होतं, आणि अकरा खुर्च्या होत्या, ज्यांतल्या कुठल्याही दोन एकमेकींच्या नात्यातल्या वाटत नसत. एक गोल टेबल पलंगाला असं चिकटून होतं की बायकोला आपल्या बाजूला झोपायचं तर पायथ्याकडून चढून जावं लागे. बायको इस्पितळात फोनवर बसायची, दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून घरी यायची. ती म्हणायची, "घर या कपाटांचं आहे, आपण पोटभाडेकरू." कुणी पाहुणे आले की म्हणायची, "बसा, बसा. खुर्च्यांनाही बरं वाटेल."

तो हसण्यावारी न्यायचा. त्याला वस्तूपेक्षा ती स्वस्तात मिळाल्याचं सुख मोठं होतं. समोरच्याने एक आकडा सांगावा, आपण लाकडावर बोटाने टकटक करावी, चेहरा पाडावा, एखादी खोट काढावी आणि बघता बघता तो आकडा खाली यावा, यात त्याला जी धुंदी चढायची ती कशात नव्हती. दातांच्या कामात तो एक खोटा ठसा चालवून घेत नसे. सौद्यात मात्र चार शब्द इकडचे तिकडे झाले तर त्याला तो खोटेपणा म्हणत नसे. खेळ म्हणायचा.

एका रविवारी सकाळी दोन गल्ल्या पलीकडे एका बैठ्या घराच्या फाटकावर त्याला पाटी दिसली: घर रिकामं करायचं आहे, सामान विकणे आहे. तो आत शिरला. पुढच्या खोलीत मुलगी आणि जावई खोकी बांधत होते. घराची मालकीण, मुलीची आई, अठ्ठ्याहत्तरीची बाई, स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसून वर्तमानपत्रांत कपबश्या गुंडाळत होती. एकटीने राहणं आता झेपत नव्हतं, म्हणून मुलगी तिला आपल्या नव्या घरी नेत होती.

कोपऱ्यात कपाट होतं. सागवानी, सहा फूट उंच, दारांवर वेलबुट्टी कोरलेली, पितळी मुठी काळवंडलेल्या. बघताक्षणी ते त्याच्या मनात भरलं. तसं त्याने तोंडावर काही दिसू दिलं नाही. जावयाने किंमत सांगितली. किंमत वाजवी होती, किंबहुना कमीच होती. तिथेच पैसे देऊन मोकळं व्हायला हरकत नव्हती. पण मग खेळ कुठला?

तो गुडघ्यावर बसला, कपाटाच्या मागे हात घातला. मागच्या फळीत जुन्या खिळ्याचं एक भोक होतं आणि खाली वर्षानुवर्षांची धूळ. त्याने चिमूटभर धूळ बोटावर घेतली, खिडकीच्या उजेडात धरली आणि जड आवाजात म्हणाला, "वाळवी आहे हो."

मुलगी हातातलं खोकं सोडून पुढे आली. "वाळवी?"

"आतून पोखरलंय. वरून कळत नाही. एकदा घरात शिरली की दुसऱ्या लाकडालाही सोडत नाही." हे शेवटचं वाक्य त्याने उगीच जोडलं. सौदा तोवर झालाच होता. जावयाचा चेहरा पडला होता. पण जीभ सुटली होती, आणि माणूस जिंकायला लागला की त्याला थांबायचं भान राहत नाही.

"मग तुम्ही कशाला घेताय?" दारातून म्हातारीने विचारलं.

"दारं तेवढी वापरेन म्हणतो, बाई," तो म्हणाला. तिने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि पुन्हा कपबश्या गुंडाळायला घेतल्या.

चौथ्या हिश्श्याच्या किमतीत कपाट मिळालं. हातगाडीवाला आणि त्याचा भाऊ ते तीन मजले चढवून घेऊन आले. बायको दारात उभी राहून बघत होती. ती इतकंच म्हणाली, "आता मी कुठे उभी राहू ते सांग." त्या संध्याकाळी त्याने मुठी घासून सोन्यासारख्या केल्या आणि शेजाऱ्याला बोलावून किती स्वस्तात मिळालं ते तिखटमीठ लावून सांगितलं. वाळवीचा भागही सांगितला. शेजारी पोट धरून हसला.

पाच-सहा आठवडे गेले. एका दुपारी तो चाकावर कवळी घासत असताना कामाच्या खोलीच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. हातात प्लास्टिकची डबी. "डॉक्टरांनी थेट इकडेच पाठवलं. आईची कवळी मोडलीय, जुळते का बघाल?" आणि मग नीट पाहून म्हणाली, "अगबाई! काका, तुम्हीच ना ते? कपाट नेलंत ते?"

त्याने ओळखलं. चाक बंद केलं.

"बरं झालं भेटलात. तुमचे आभार मानायचेच राहिले होते. देवासारखे आलात त्या दिवशी."

"मी काय केलं?"

"अहो, तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं! नाहीतर ती वाळवी आम्ही नव्या घरात घेऊन गेलो असतो. आईचा पलंग, पुस्तकांची मांडणी, शिवणयंत्राचं टेबल, सगळं बरोबर न्यायचं ठरलं होतं. तुम्ही गेलात आणि आम्ही एक फळी ठेवली नाही. भंगारवाल्याला बोलावून सगळं फुकट देऊन टाकलं. त्याने अंगणातच कुऱ्हाडीने तोडलं आणि भट्टीवाल्याला जळणाला दिलं. आई जरा खट्टू झाली. पण तिची समजूत काढली, म्हटलं, जाणकार माणसाने सांगितलंय."

त्याने डबी उघडली. वरची कवळी बरोबर मधोमध दुभंगलेली. काम आपल्याच हातचं आहे हे त्याने पाहताक्षणी ओळखलं. उजवीकडचा सुळा त्याने जरासा तिरका बसवला होता, म्हणजे दात खरे वाटावेत.

"कशी मोडली?" त्याने विचारलं, कारण काहीतरी विचारणं भाग होतं.

"पलंगाला उशापाशी एक छोटा कप्पा होता. चष्मा, दात, पाण्याची वाटी, सगळं तिथे. चाळीस वर्षांची सवय. आता घडीची खाट आहे, शेजारी स्टूल ठेवलंय. पहाटे अंदाजाने हात नेला आणि दातांसकट वाटी पडली."

त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्याने मान खाली घातली आणि ते दोन तुकडे जुळवून पाहत बसला, जणू त्यांतच काहीतरी अवघड होतं. जुळत तर ते अगदी नीट होते. "परवा देतो," तो म्हणाला. "मीच आणून देईन. पत्ता लिहून ठेवा." पैशाचं तिने विचारलं तेव्हा त्याने हातानेच नको म्हटलं, आणि ती जाताना म्हणाली, "किती भले आहात हो." ते शब्द त्याला चपराकीसारखे लागले.

घरी गेल्यावर त्याने बायकोला सांगितलं. आधी थोडं, मग सगळं. तिने मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाली, "शेजाऱ्याला सांगताना तर किती रंगवून सांगितलं होतंस. मी आतून ऐकत होते."

"तेव्हा काही का बोलली नाहीस?"

"मीही हसलेच होते," ती म्हणाली, आणि उठून आत गेली.

त्याने भट्टीवाला शोधला. भट्टीवाल्याने राखेचा ढीग दाखवला. मग त्याच्या डोक्यात आलं की उशाला कप्पा असलेला तसाच एखादा जुना पलंग शोधावा आणि त्यांना नेऊन द्यावा. बायको म्हणाली, "म्हणजे उपाय काय, तर पुन्हा खरेदी." ठरलं ते एवढंच, की कपाट परत करायचं आणि खरं सांगायचं. कपाटाचं त्याला सोपं वाटत होतं. खरं काय सांगायचं ते मात्र तो मनात पुन्हा पुन्हा जुळवत राहिला.

नव्या घरात म्हातारीची खोली लहान, पांढरीशुभ्र आणि रिकामी होती. खाट, स्टूल, पत्र्याची एक बॅग. त्याने कवळी तिच्या हातात दिली. तिने पाठ फिरवून ती बसवली, दात दोन-तीनदा आपटून पाहिले. "बसली," ती म्हणाली. "तुमच्या हातात गुण आहे."

मुलगी आतून चहा घेऊन यायच्या आत बोलून टाकावं म्हणून तो घाईने म्हणाला, "बाई, त्या कपाटाला..."

"वाळवी नव्हती," म्हातारी म्हणाली.

त्याने हातातली रिकामी डबी स्टुलावर ठेवली.

"चाळीस वर्षं दर महिन्याला मी पुसलंय ते. वाळवी असती तर मला आधी दिसली असती."

"मग तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुमच्यासमोर काय बोलू? वाटलं, घासाघीस करतोय, करू दे. नेईल आणि जाईल. नंतर हिने पलंगाला हात घातला तेव्हा बोलले की. घसा फोडून बोलले. पण तुम्ही पडलात बाहेरचे, जाणते. मी पडले घरातली म्हातारी. कोण ऐकतं?"

दारात चहाचा ट्रे घेऊन मुलगी उभी होती. तिने किती ऐकलं ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून त्याला पहिल्यापासून सांगावं लागलं. धूळ होती. भोक खिळ्याचं होतं. भाव पाडायला खोटं बोललो. दुसऱ्या लाकडाचं तर उगीचच बोललो. बोलताना त्याला आपलाच आवाज बारीक झालेला ऐकू येत होता. सत्तावन्न वर्षांचा माणूस, शाळेत फळ्यासमोर उभा केल्यासारखा.

मुलीने ट्रे स्टुलावर ठेवला. ती त्याच्यावर ओरडेल असं त्याला वाटलं होतं, आणि ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती आईकडे बघत होती.

"तू म्हणाली होतीस," ती म्हणाली. "आणि मी तुला म्हटलं, आई, तुला काय कळतंय."



"कपाट मी परत आणून देतो," तो पुटपुटला. "उद्याच. हातगाडीवाल्याला सांगून ठेवलंय."

"नको," म्हातारी म्हणाली. "ते माझ्या सासूचं. मला कधीच आवडलं नव्हतं. उघडलं की तिचाच वास यायचा. पलंग तेवढा माझा होता. मला पहिला पगार मिळाला तेव्हा सुताराशी बसून मी स्वतः करून घेतला होता."

चोरी केलेली वस्तू तरी परत करता येते. याने जे नेलं ते तिला नको होतं, आणि जे तिला हवं होतं ते त्याने नेलंही नव्हतं. नुसत्या जिभेने जाळलं होतं. तो उठला. चहा तसाच राहिला. मुलगी दारापर्यंत आली नाही.

कपाट त्याने कामाच्या खोलीशेजारच्या शिंपिणीला देऊन टाकलं. तिला कापडं ठेवायला खरोखरच हवं होतं. "किती द्यायचे?" तिने विचारलं, तर तो नुसता मान हलवत राहिला. पुढे तीन खुर्च्या गेल्या, मग गोल टेबल. बायकोची पलंगाची बाजू मोकळी झाली. पण मन एका दिवसात सुधारत नाही. महिन्याभराने कुठल्याशा घरापुढे सामान मांडलेलं दिसलं तेव्हा त्याचे पाय आपोआप वळले. एका लिहायच्या टेबलाच्या खणांशी तो चांगला पाव तास रेंगाळला, आणि मालक पुढे येताच चोरासारखा निघून आला. घेतलं काही नाही, पण गेला होता, हेही त्याने बायकोला सांगितलं.

म्हातारीची हिरडी आटत चालली होती, त्यामुळे कवळी सैल व्हायची. दर दीड-दोन महिन्यांनी तो जाऊन आतून अस्तर चढवून द्यायचा. मुलगी दार उघडायची आणि न बोलता आत निघून जायची. त्याला ते योग्यच वाटे. म्हातारी मात्र बोलायची. तिने बावीस वर्षं तारखात्यात काम केलं होतं, आणि लोकांच्या तारांमधली दुःखं नि आनंद तिच्या हातून गेले होते. तो ऐकत बसायचा. त्याला क्षमा मिळाली का, हे त्याने कधी विचारलं नाही, आणि तिनेही तो विषय काढला नाही.

चौथ्या की पाचव्या खेपेला तो निघत असताना मुलगी बैठकीतून म्हणाली, "जरा थांबा." तिच्यापुढे एक जुनी लाकडी आरामखुर्ची होती, कुणीतरी दिलेली. "आईसाठी आणलीय. पायाशी भुसा पडतोय असं वाटतं. बघता का?"

तो दोन पावलं पुढे झाला, वाकलाही. मग हात मागे घेतला.

"मला नका विचारू, ताई," तो म्हणाला. "सुताराला दाखवा. आणि आधी आईंना विचारा."

"विचारते," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढत आईच्या खोलीकडे घेऊन गेली.